लिनक्स ड्रायव्हर: उपकरण झोपवायचं कसं आणि मेमरी कुठे जाते

बॅटरीवर चालणारं एक उपकरण. संध्याकाळी पूर्ण चार्ज करून टेबलावर ठेवायचं आणि सकाळी येऊन पाहावं तर ते मेलेलं. तीन दिवस मी हार्डवेअरवाल्यांशी हुज्जत घातली. बोर्डावरच कुठेतरी करंट गळतोय, माझा ड्रायव्हर तर व्यवस्थित ‘सस्पेंड’ करतोय, असं माझं ठाम म्हणणं होतं. चौथ्या दिवशी दोष सापडला तो माझ्याच कोडमध्ये. सेन्सरशी बोलताना एरर आली की फंक्शन मधूनच परत फिरत होतं आणि परत फिरताना एक ओळ राहून जात होती. रात्रीत एकदा जरी एरर आली तरी त्यानंतर चिप सकाळपर्यंत जागी राहायची.

तेव्हा मला कुणीतरी पायरीपायरीने सांगितलं असतं तर बरं झालं असतं. कर्नलसोबत येणारं रनटाइम पॉवर मॅनेजमेंटचं दस्तऐवज उत्तम आहे, पण ते ज्याला आधीच कळलंय त्याच्यासाठी लिहिल्यासारखं वाटतं. हा लेख पहिला किंवा दुसरा ड्रायव्हर लिहिणाऱ्यासाठी आहे. सी भाषा येते, साधं मॉड्यूल बांधून लोड करता येतं, एवढं गृहीत धरतो.

वीज आणि मेमरी हे दोन विषय मी एकत्र का घेतोय? उपकरणाची वीज तोडली की ते सगळं विसरतं. जागं झाल्यावर त्याला पुन्हा कामाला लावायचं तर त्याच्या वतीने कुणीतरी लक्षात ठेवायला हवं, आणि ते ठेवायचं रॅममध्ये, तुमच्या ड्रायव्हरने. जितकं नेमकं लक्षात ठेवाल तितकं बिनधास्त झोपवता येतं. उगाच जास्त ठेवलंत तर मेमरी जाते. कमी ठेवलंत तर दर वेळी जागं होताना चिपला तेच तेच विचारत बसावं लागतं.

नावांबद्दल एक सूचना. फंक्शनची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत. कोडमध्ये दोन शब्दांच्या मधल्या जागी अंडरस्कोर घाला, म्हणजे मूळ नाव मिळेल.

सुरुवातीला हाताशी काय हवं

- रास्पबेरी पाय किंवा तसाच एखादा छोटा बोर्ड. कामाच्या लॅपटॉपवर शिकू नका, कर्नल पॅनिक होणारच आहे.
- बॉशच्या बीएमपी२८० सेन्सरचं मॉड्यूल. तापमान आणि हवेचा दाब मोजणारी ही स्वस्त चिप पुण्यात बुधवार पेठेत, मुंबईत लॅमिंग्टन रोडला सहज मिळते.
- मायक्रोअँपिअर मोजू शकणारा मल्टिमीटर. यूएसबीच्या तोंडाला लावायचं मीटर इथे निरुपयोगी: रास्पबेरी पाय स्वतःच शेकडो मिलिअँपिअर खातो, त्यात सेन्सरचे दोन-चार मायक्रोअँपिअर कुठे दिसणार?
- स्वतः बांधलेला कर्नल. कॉन्फिगमध्ये पीएम, पीएम डीबग, पीएम ॲडव्हान्स्ड डीबग, एसएलयूबी डीबग, केमेमलीक (मेमरीची गळती शोधणारं) आणि एफट्रेस (कर्नलमधल्या घटना नोंदवणारं) चालू करा.
- पाहोल (रचनेतली रिकामी जागा दाखवतं), स्लॅबटॉप (कर्नलने वाटलेली मेमरी दाखवतं) आणि आयटूसी टूल्स (आयटूसी म्हणजे चिपशी बोलायची दोन तारांची बस).

सेन्सरचं मॉड्यूल आणलं की आधी ओळख पटवा. आयटूसीवर त्याचा पत्ता हेक्स ७६ किंवा ७७ असतो. हेक्स डी० हे रजिस्टर वाचा: ५८ आलं तर बीएमपी२८०, ६० आलं तर आर्द्रताही मोजणारी बीएमई२८०. पाकिटावर एक आणि आत दुसरी, हा प्रकार इतका होतो की मी आता पाकीट वाचतच नाही.

या चिपचा ड्रायव्हर कर्नलमध्ये आधीच आहे, आयआयओ (सेन्सरसारख्या उपकरणांच्या) विभागात, ‘प्रेशर’ फोल्डरमध्ये. तो उघडून शेजारी ठेवा. पुढे बरंच काही त्यातच दिसेल.

१. झोप कोणती, ते आधी ओळखा

झोपेचे दोन प्रकार आहेत आणि नवखा माणूस हमखास त्यांची गल्लत करतो. पहिली सिस्टिमची झोप. लॅपटॉपचं झाकण मिटलं, सगळं थांबलं. दुसरी रनटाइम झोप. सिस्टिम चालूच आहे, पण हे एक उपकरण सध्या कुणी वापरत नाही, म्हणून फक्त तेच झोपवलं. ही दुसरी यंत्रणा कर्नलमध्ये २००९ साली, २.६.३२ या आवृत्तीत आली. सतत चालू राहणाऱ्या उपकरणात बॅटरी वाचते ती मुख्यतः हिच्यामुळे.

दोन्हींसाठी वेगळा कोड लिहायला बसू नका. आधी रनटाइमचे सस्पेंड आणि रिझ्युम नीट लिहा. मग ‘डिफाइन रनटाइम डेव्ह पीएम ऑप्स’ हा मॅक्रो वापरा. तो सिस्टिमच्या झोपेसाठी ‘पीएम रनटाइम फोर्स सस्पेंड’ आणि ‘फोर्स रिझ्युम’ जोडून देतो. ड्रायव्हरच्या रचनेत पॉइंटर देताना तो ‘पीएम पीटीआर’मध्ये गुंडाळा, म्हणजे ज्या कर्नलमध्ये पॉवर मॅनेजमेंटच बंद आहे तिथे हा कोड कंपायलर काढून टाकतो. उदाहरणं शोधताना जुन्या ड्रायव्हरमध्ये यासाठी इफडेफची जंजाळं दिसतील. ती उचलू नका.

२. काय लक्षात ठेवायचं त्याची यादी करा

कोड लिहिण्याआधी डेटाशीट आणि कागद घेऊन बसा. चिपच्या प्रत्येक रजिस्टरसाठी एकच प्रश्न: वीज गेली तर यातलं काय हरवेल, आणि ते परत कुठून आणायचं?

तीन गट पडतात. पहिला गट कारखान्यात कोरलेल्या, कधीच न बदलणाऱ्या आकड्यांचा. बीएमपी२८०मध्ये असे २४ बाइट आहेत: प्रत्येक चिपचे स्वतःचे कॅलिब्रेशनचे गुणांक. कच्च्या मोजणीचं अंशांत रूपांतर त्यांच्याशिवाय होत नाही. हे वीज गेली तरी चिपमध्ये टिकतात, पण म्हणून दर वेळी वाचायचे का? कर्नलमधला ड्रायव्हर ते प्रोबच्या वेळी, म्हणजे उपकरणाशी जोडला जाताना, एकदाच वाचून ठेवतो. २४ बाइटच्या बदल्यात प्रत्येक वाचनामागची आयटूसीवरची एक फेरी वाचली. असा सौदा डोळे मिटून करावा.

दुसरा गट तुम्ही लिहिलेल्या सेटिंगचा: किती वेळा नमुना घ्यायचा, फिल्टर कोणता. हे वीज गेली की हरवतं. त्यासाठी दोन-तीनच रजिस्टर असतील तर रिझ्युममध्ये ती सरळ पुन्हा लिहा, जास्त असतील तर रेगमॅपची (रजिस्टर वाचण्या-लिहिण्याची कर्नलची तयार सोय) कॅश वापरा. तिसरा गट मोजणीच्या निकालांचा. ते अजिबात साठवायचे नाहीत.

रेगमॅपची कॅश वापरणार असाल तर क्रम पाठ करा. झोपवताना: ‘रेगकॅश कॅश ओन्ली’ खरं करा, ‘रेगकॅश मार्क डर्टी’ करा, मग वीज तोडा. उठवताना: वीज द्या, चिप तयार होईपर्यंत थांबा, ‘कॅश ओन्ली’ खोटं करा, ‘रेगकॅश सिंक’ करा.

यात दोन खड्डे आहेत. ‘मार्क डर्टी’ विसरलात तर रेगमॅपला वाटतं की चिपमध्ये सगळं जसंच्या तसं आहे. सिंक काहीही न लिहिता यशस्वी होतं आणि चिप कारखान्यातल्या सेटिंगवर चालू राहते. कुठलीही एरर दिसत नाही. दुसरा खड्डा असा की निकालाची रजिस्टरं ‘व्होलाटाइल’ म्हणून सांगायची राहतात. मग वाचन चिपऐवजी कॅशमधून येतं आणि खोलीचं तापमान रात्रभर एकाच आकड्यावर अडकून बसतं.

३. प्रोबमधला क्रम

उपकरण जन्माला येतं तेव्हा कर्नलच्या वहीत त्याची नोंद ‘सस्पेंडेड’ अशी असते आणि रनटाइमची यंत्रणा त्याच्यापुरती बंद असते. प्रोबमध्ये तुम्ही तर रेग्युलेटर (चिपला वीज पुरवणारा भाग) चालू करून चिपशी बोलून मोकळे झालेले असता. म्हणजे वहीत एक आणि प्रत्यक्षात दुसरं. म्हणून हा क्रम:

१) रेग्युलेटर चालू करा, थांबा, चिपची ओळख आणि कॅलिब्रेशन वाचा.
२) ‘पीएम रनटाइम गेट नोरिझ्युम’: गणना (उपकरण किती जण वापरताहेत त्याची मोजदाद) एकने वाढवा, कॉलबॅक न बोलावता.
३) ‘पीएम रनटाइम सेट ॲक्टिव्ह’: उपकरण जागं आहे हे वहीत लिहा.
४) ‘पीएम रनटाइम एनेबल’, किंवा त्याचं डेव्हएम रूप, म्हणजे पुढे प्रोब फसला तर ते आपोआप आवरलं जातं.
५) ऑटोसस्पेंडचा (वापर थांबल्यावर आपोआप झोपण्याचा) कालावधी सांगा, ऑटोसस्पेंड चालू करा.
६) ‘पीएम रनटाइम पुट’: आता हवं तर झोप.

तिसरी पायरी गाळली तर काय होतं पाहा. कर्नल समजतो उपकरण झोपलंय. पहिल्या वापराच्या वेळी तो तुमचं रिझ्युम बोलावतो, आणि ते रेग्युलेटर दुसऱ्यांदा चालू करतं. रेग्युलेटरची स्वतःची गणना आता दोन. पुढे सस्पेंड एकदाच बंद करणार, गणना एकवर राहणार, वीज कधीच तुटणार नाही. सगळे मेसेज मात्र अगदी बरोबर दिसतात.

आणि पहिली पायरी गाळून ‘पीएम रनटाइम गेट’वर विसंबून वीज चालू करायला जाऊ नका. पॉवर मॅनेजमेंट बंद असलेल्या कर्नलमध्ये ते फंक्शन रिकामं असतं. तिथेही तुमची चिप चालायला हवी.

४. गेट आणि पुट

माझे चार दिवस इथे गेले, म्हणून जरा थांबतो.

युसेज काउंट म्हणजे खोलीत किती माणसं आहेत त्याची मोजदाद. आत येताना एक वाढवा, जाताना एक कमी करा. शेवटचा बाहेर पडला की दिवा मालवला जातो. एकजण जरी नोंद न करता खिडकीतून निघून गेला तर दिवा कायमचा चालू.

बहुतेक जुन्या ड्रायव्हरमध्ये ‘पीएम रनटाइम गेट सिंक’ दिसेल. त्याची खोड अशी की ते अपयशी ठरलं तरी गणना वाढवूनच ठेवतं. साहजिकपणे आपण लिहितो: एरर आली, परत फिरा. आणि तिथेच गळती होते. कर्नलमध्ये हीच चूक इतक्या ठिकाणी सापडली की २०२० मध्ये ‘पीएम रनटाइम रिझ्युम अँड गेट’ हे नवं फंक्शन आलं. जागं करणं फसलं तर ते वाढवलेली गणना स्वतःच मागे घेतं. नव्या कोडमध्ये हेच वापरा.

पण माझी चूक याच्याही पुढच्या टप्प्यावर होती. गेट यशस्वी झालं, त्यानंतर आयटूसीचं वाचन फसलं, आणि तिथून मी सरळ रिटर्न केलं. उपाय साधा आहे: गेट आणि पुट एकाच फंक्शनमध्ये ठेवा, आणि प्रत्यक्ष काम वेगळ्या, आतल्या फंक्शनला द्या. आतलं काहीही होवो, बाहेरचं गेट–काम–पुट तीन ओळींतच संपतं. एरर पाथ कितीही वाढले तरी पुट चुकत नाही.

अजून एक. सस्पेंडच्या कॉलबॅकमधून ‘ईबिझी’ किंवा ‘ईअगेन’ परत केलं तर कर्नल समजून घेतो, नंतर पुन्हा प्रयत्न करतो. दुसरी कुठलीही एरर दिलीत तर तो उपकरणावर ‘एरर’ असा शिक्का मारतो आणि त्यानंतर ते हलवायचा प्रयत्नच सोडून देतो. ‘आत्ता जमत नाही’ म्हणायचं असेल तर ‘ईआयओ’ देऊ नका.

५. किती वेळाने झोपवायचं

लगेच झोपवणं नेहमी फायद्याचं नसतं. समजा, चिप नुसती जागी बसली तर ५ मिलिअँपिअर घेते, आणि झोपेतून उठताना २० मिलिसेकंद १५ मिलिअँपिअर घेते. उठण्याचा खर्च १५ गुणिले २०, म्हणजे ३००. तेवढ्यात ती ६० मिलिसेकंद नुसती जागी बसू शकली असती. ६० मिलिसेकंदांपेक्षा लहान झोप तोट्याची. शिवाय उठेपर्यंत वापरणाऱ्याला ताटकळत राहावं लागतं ते वेगळंच.

हा हिशोब करायला डेटाशीटमधले आकडे पुरत नसतील तर बीएमपी२८०च्या ड्रायव्हरचा अंदाज उचला. चिपला सुरू व्हायला २ मिलिसेकंद लागतात, ऑटोसस्पेंडचा कालावधी त्याच्या शंभरपट ठेवलाय: २०० मिलिसेकंद. सुरुवात म्हणून ठीक आहे. नंतर वापरणारा हा आकडा सिसएफएसमधून (कर्नलच्या सेटिंग फाइलींच्या रूपात दाखवणारी जागा) बदलू शकतो, म्हणून त्यावर फार डोकं शिणवू नका.

कालावधी मोजला जातो तो ‘शेवटचं कधी वापरलं’ या खुणेपासून. जुन्या कर्नलमध्ये पुट करण्याआधी ‘पीएम रनटाइम मार्क लास्ट बिझी’ हाताने बोलवावं लागतं. अलीकडच्या आवृत्त्यांत ‘पुट ऑटोसस्पेंड’ ते स्वतः करतं. तुमचा कर्नल कोणता ते पाहून घ्या.

चिप उठेपर्यंत थांबताना ‘एमडिले’ वापरू नका. ते सीपीयूला जागेवर गरागरा फिरवत ठेवतं. सेन्सरची वीज वाचवायची आणि प्रोसेसरची जाळायची. काही मायक्रोसेकंदांपासून २० मिलिसेकंदांपर्यंत ‘युस्लीप रेंज’, त्यापुढे ‘एमस्लीप’.

६. इंटरप्ट

झोपलेल्या उपकरणाचं रजिस्टर वाचलंत तर काय होईल ते बसवर अवलंबून असतं. पीसीआयवर सगळे बिट १ असलेला आकडा मिळतो आणि तुमचं इंटरप्ट हँडलर त्याला ‘सगळ्या घटना एकदम घडल्या’ असं समजतं. एसओसीच्या (प्रोसेसर आणि बाकीचे भाग एकाच चिपमध्ये) आत, क्लॉक बंद असेल तर, अख्खा बोर्ड अडकू शकतो. आणि इंटरप्टची लाइन सामाईक असेल तर तुमचं उपकरण झोपलेलं असतानाही, शेजाऱ्यामुळे, तुमचं हँडलर बोलावलं जाणारच.

हार्ड इंटरप्टमध्ये कोडला थांबून वाट पाहता येत नाही, म्हणून तिथे रिझ्युमही बोलावता येत नाही. ‘पीएम रनटाइम गेट इफ ॲक्टिव्ह’ने विचारा, जागं नसेल तर ‘माझं नाही’ म्हणून परत फिरा. खरं काम थ्रेडेड हँडलरमध्ये न्या.

यावर ‘पीएम रनटाइम आयआरक्यू सेफ’ असा एक सोपा उपाय इंटरनेटवर सुचवलेला दिसेल. तो लावला की इंटरप्टमधूनही उठवता येतं खरं, पण त्याची किंमत कुणी सांगत नाही: त्या उपकरणाचा पालक त्यानंतर कधीच झोपत नाही. एका सेन्सरपायी अख्खा कंट्रोलर जागा.

७. झोपेच्या वाटेवर मेमरी मागू नका

सस्पेंड आणि रिझ्युममध्ये केमॅलॉक (कर्नलमध्ये मेमरी मागण्याचं फंक्शन) नको. जे लागेल ते प्रोबमध्येच घेऊन ठेवा.

कारण असं. ‘जीएफपी कर्नल’ने मेमरी मागितली आणि ती कमी पडत असेल, तर कर्नल जुनी पानं डिस्कवर लिहून जागा मोकळी करू पाहतो. तुम्ही त्या डिस्कच्याच रिझ्युममध्ये असाल तर? डिस्क उठल्याशिवाय पान लिहिलं जाणार नाही, पान लिहिल्याशिवाय मेमरी नाही, मेमरीशिवाय डिस्क उठणार नाही. ब्लॉक डिव्हाइससाठी कर्नलने ‘मेमॲलॉक नोआयओ’ची सोय करून ठेवली आहे, आणि संपूर्ण सिस्टिम झोपताना तो डिस्कची वाट पाहणारी मागणी स्वतःहून रोखतो. तरीही मागणी अपयशी ठरू शकते हे उरतंच, आणि रिझ्युम अपयशी ठरलं की उपकरण गेलं. ‘जीएफपी ॲटॉमिक’ही उपाय नव्हे, ते राखीव साठ्यातून घेतं आणि तो साठा लहान असतो.

८. मेमरीचा खरा हिशोब

तुम्ही मागता तेवढीच मेमरी जाते, हा भ्रम आधी सोडा.

केमॅलॉकचे डबे ठरलेल्या मापाचे असतात: ८, १६, ३२, ६४, ९६, १२८, १९२, २५६, ५१२, १०२४ असे. ५२० बाइट मागितले तर १०२४चा डबा मिळतो. एकदाच घेताय तर सोडून द्या. दर पॅकेटमागे किंवा दर विनंतीमागे घेत असाल तर ८ बाइट कमी करायला जागा आहे का पाहा, नाहीतर ‘केमेम कॅश क्रिएट’ने स्वतःच्या मापाचा डबा करून घ्या.

डेव्हएमची फंक्शन सोयीची आहेत, पण प्रत्येक वाटपापुढे स्वतःचा हिशोब ठेवणारी चिठ्ठी जोडतात. आणि डीएमएच्या (उपकरणाने सीपीयूला मध्ये न घेता मेमरी वाचण्या-लिहिण्याच्या) सोयीसाठी तुमचा डेटा ठराविक सीमेवर यावा लागतो. ६४-बिट आर्मवर ती सीमा १२८ बाइट. म्हणजे ८ बाइट मागितले की १३६ लागणार, आणि मिळणार १९२ किंवा २५६चा डबा. म्हणून पाच लहान गोष्टींसाठी पाचदा ‘डेव्हएम केझॅलॉक’ करू नका. एकच रचना करा आणि सगळं तिच्यात ठेवा.

डेव्हएमचा दुसरा धोका वापरात आल्यावर कळतो. ती मेमरी ड्रायव्हर उपकरणापासून सुटला की मोकळी होते. वापरणाऱ्या प्रोग्रॅमने कॅरेक्टर डिव्हाइसची फाइल तेव्हाही उघडी ठेवली असेल तर पुढच्या वाचनाला तुम्ही मोकळ्या झालेल्या मेमरीत हात घालता. यूएसबीवरून उपटता येणाऱ्या उपकरणांत ही रचना डेव्हएमने घेऊ नका, संदर्भ मोजून शेवटच्या क्लोजला सोडा.

‘डीएमए ॲलॉक कोहेरंट’ कमीत कमी एक अख्खं पान देतं. ६४ बाइटच्या डिस्क्रिप्टरसाठी ४०९६ बाइट. असे अनेक लागत असतील तर ‘डीएमए पूल’ आहे.

रेगमॅपच्या कॅशचा प्रकारही निवडायचा असतो. ‘फ्लॅट’ म्हणजे सरळ ॲरे, शेवटच्या रजिस्टरपर्यंत प्रत्येकाला ४ बाइट. ५० रजिस्टरं ओळीने असतील तर झकास. पण चिपची ४० रजिस्टरं हेक्स एफएफएफएफपर्यंत विखुरलेली असतील तर ६५,५३६ गुणिले ४, म्हणजे २५६ केबी, कशासाठी तर ४० आकड्यांसाठी. अशा वेळी ‘मेपल’ घ्या; २०२३ मध्ये ६.४ या आवृत्तीत तो प्रकार आला.

रचनेतली पोकळी पाहायला पाहोल चालवा. एक बाइट, मग आठ बाइटचा वेळ, मग पुन्हा एक बाइट असं लिहिलं तर २४ बाइट होतात. मोठा आधी घेतला तर १६. दर उपकरणामागे एकच अशी रचना असेल तर यात वेळ घालवणं मला पटत नाही. त्याऐवजी कोड वाचायला सोपा ठेवा. मात्र दहा हजार डिस्क्रिप्टर असतील तर ते ८० हजार बाइट आहेत.

आणि स्टॅक. ६४-बिट एक्स८६ आणि आर्मवर कर्नलचा स्टॅक बहुधा १६ केबी असतो, आणि तो तुमच्या एकट्याचा नाही. वरची सगळी फंक्शन त्यातच बसलेली असतात. शिवाय स्टॅकवरचा बफर डीएमएला देऊ नका. स्टॅक आता बहुतेक ठिकाणी व्हीमॅलॉकच्या भागात असतो, तिथे डीएमए चालत नाही. एसपीआयच्या ड्रायव्हरमध्ये ही चूक विशेष होते. बफर रचनेत ठेवा, कॅशलाइनच्या सीमेवर.

९. झोपलंय का, हे तपासा

सिसएफएसमध्ये तुमच्या उपकरणाच्या फोल्डरमध्ये ‘पॉवर’ नावाचा उपफोल्डर आहे. त्यात ‘रनटाइम स्टेटस’ वाचा. ‘ॲक्टिव्ह’वरच अडकलं असेल तर ‘रनटाइम युसेज’ पाहा. कुणी वापरत नसताना, आणि त्याच फोल्डरमधली ‘कंट्रोल’ फाइल ‘ऑटो’वर असताना, तो शून्य नसेल तर कुठेतरी पुट राहिलंय. मला माझी चूक शेवटी याच फाइलमुळे सापडली. म्हणून पुट शोधत बसण्याआधी ‘कंट्रोल’ पाहा. तिथे ‘ऑन’ असेल तर झोपायला मनाई आहे आणि काउंटही त्यामुळेच एकने वाढलेला असतो, ‘ऑटो’ लिहा. पीसीआय उपकरणं आणि हब सोडून बाकीची यूएसबी उपकरणं सुरुवातीला ‘ऑन’वरच असतात, म्हणून निर्दोष ड्रायव्हर लिहूनही काही होत नाही आणि माणूस डोकं धरून बसतो. यूएसबीवर एक उपकरण जागं असेल तर त्याच्या वरचा हबही जागा, हेही ध्यानात असू द्या.

कोण उठवतंय ते कळत नसेल तर एफट्रेसमध्ये ‘आरपीएम’ गटाच्या घटना चालू करा. प्रत्येक सस्पेंड, रिझ्युम आणि त्याचा परतावा वेळेसकट दिसतो. अनेकदा गुन्हेगार म्हणजे दर सेकंदाला फाइल वाचणारा एखादा मॉनिटरिंगचा प्रोग्रॅम निघतो.

आता मल्टिमीटर. सेन्सरच्या वीजतारेत तो ओळीने जोडा. डेटाशीटनुसार बीएमपी२८० झोपेत सुमारे ०.१ मायक्रोअँपिअर घेते, दर सेकंदाला एक मोजणी केली तर सरासरी २.७, आणि प्रत्यक्ष दाब मोजताना ७२०. तुम्हाला ०.१ दिसणार नाही. मॉड्यूलवरचा छोटा रेग्युलेटर आणि पुल-अप रोधक स्वतःचं घेतातच. एखाद्यावर दिवा असेल तर विचारायलाच नको.

पण ‘सस्पेंडेड’ असताना आणि नसताना काहीच फरक दिसत नसेल तर? ‘सस्पेंडेड’ ही कर्नलच्या वहीतली नोंद आहे, चिपला त्याचा पत्ताही नसू शकतो. रास्पबेरी पायवर सेन्सर ३.३ व्होल्टच्या पिनला थेट जोडलेला असतो. डिव्हाइस ट्रीमध्ये (बोर्डावर काय जोडलंय त्याची कर्नलला दिलेली यादी) रेग्युलेटर सांगितला नसेल तर कर्नल एक खोटा रेग्युलेटर देतो, जो चालू-बंद केल्याने काही घडत नाही. या ड्रायव्हरच्या जुन्या आवृत्त्यांत सस्पेंड म्हणजे फक्त रेग्युलेटर बंद करणं होतं, त्यामुळे अशा जोडणीत चिप सतत मोजतच राहायची. तुमच्या सस्पेंडमध्ये वीज तोडण्याआधी चिपला तिच्या स्वतःच्या स्लीप मोडमध्येही घाला. एका रजिस्टरचं लिखाण आहे. खरे-खोटे रेग्युलेटर डीबगएफएसच्या ‘रेग्युलेटर समरी’मध्ये दिसतात.

१०. पूर्ण झोप, आणि मॉड्यूल काढ-घाल

रास्पबेरी पायवर सिस्टिम रॅममध्ये झोपवता येत नाही, पण ‘फ्रीझ’ चालतं. थेट झोपवण्याआधी ‘पीएम टेस्ट’ या फाइलमध्ये ‘डिव्हायसेस’ लिहा. मग झोपवल्यावर कर्नल सगळ्या उपकरणांचे सस्पेंड बोलावतो, ५ सेकंद थांबतो आणि स्वतःच परत उठतो. ‘पीएम प्रिंट टाइम्स’मध्ये १ लिहिलं की कोणत्या उपकरणाला किती वेळ लागला ते लॉगमध्ये येतं. बूटच्या ओळीत ‘नो कन्सोल सस्पेंड’ घाला, नाहीतर अडकलं तर शेवटचा मेसेज दिसणारच नाही.

त्यानंतर ड्रायव्हरचं मॉड्यूल काढायचं-घालायचं. शेलमध्ये लूप लावून निदान शंभर वेळा. प्रत्येक फेरीत एकदा तापमान वाचा, आणि मुद्दाम काही फेऱ्यांत वाचन चालू असतानाच मॉड्यूल उपकरणापासून सोडवा. नंतर केमेमलीकच्या फाइलमध्ये ‘स्कॅन’ लिहा. पहिल्या स्कॅनला कधीकधी खोटे इशारे येतात, म्हणून दोनदा. सोबत दुसऱ्या खिडकीत स्लॅबटॉप चालू ठेवा. एखाद्या मापाच्या डब्यांची संख्या फेरीगणिक चढत असेल तर केमेमलीकने काही सांगो न सांगो, गळती आहे.

शेवटची चाचणी मी रात्री लावतो: आयटूसीची एसडीए तार अधूनमधून रिलेने तोडायची, म्हणजे एरर पाथ खरोखर चालतात. सकाळी आल्यावर ‘रनटाइम युसेज’ शून्य असेल आणि स्टेटस ‘सस्पेंडेड’ असेल, तरच पॅच पाठवतो. केमेमलीक आणि स्लॅबचं डीबगिंग अंतिम कर्नलमधून काढायला विसरू नका. ती दोन्ही स्वतःच बरीच मेमरी खातात.